‘सिल्व्हर घोस्ट’ ते ‘फँटम’ : शांततेची दोन शास्त्रे

१९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारगाड्यांची विश्वासार्हता पाहणारी एक चाचणी झाली. सुमारे ६२० मैलांची मजल आणि वाटेत सह्याद्रीतील सहा घाट. रस्ते खडी-मुरुमाचे, त्यांवर पहिला हक्क बैलगाड्यांचा, आणि मोटार म्हणजे वाटेत हमखास बिघडणारे यंत्र, हा तेव्हाचा सार्वत्रिक अनुभव. या चाचणीत इंग्लंडहून आलेली एक रोल्स-रॉईस विजयी ठरली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ असे नाव मिळालेली ही गाडी पुढे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. संस्थानिक आणि रोल्स-रॉईस हे समीकरण त्यानंतर चार दशके टिकले. त्याच्या अगदी आरंभीची ही घटना.

त्यानंतर जवळजवळ एक शतकाने, २००७ मध्ये, निर्माते विधू विनोद चोप्रा यांनी अमिताभ बच्चन यांना ‘एकलव्य’ चित्रपटातील भूमिकेबद्दल रोल्स-रॉईस भेट दिल्याची बातमी गाजली. ती गाडी होती ‘फँटम’. दोन्ही गाड्यांच्या नाकावर एकच नाव. दोन्हींची ख्याती एकाच गुणासाठी, ती म्हणजे आवाज न करता चालणे. पण हा गुण साधण्याची त्यांची रीत इतकी वेगळी आहे, की आलिशान मोटार म्हणजे काय या प्रश्नाला त्या दोघी दोन निराळी उत्तरे देतात.

प्रथम नावांचा उलगडा करायला हवा. हेन्री रॉईस यांनी १९०६ च्या सुमारास तयार केलेल्या सहा सिलिंडरच्या गाडीचे अधिकृत नाव ‘४०/५०’ असे रुक्ष होते. त्यातील बाराव्या चासीवर बार्कर या कारागीर पेढीने उघडी बॉडी बांधली, तिला ॲल्युमिनियमचा रंग दिला, धातूच्या भागांना चांदीचा मुलामा चढवला आणि कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी तिचे नाव ‘सिल्व्हर घोस्ट’ ठेवले. एएक्स २०१ क्रमांकाची ही एकच गाडी खऱ्या अर्थाने ‘सिल्व्हर घोस्ट’. १९२५ मध्ये ‘न्यू फँटम’ आली तेव्हा आधीच्या साऱ्या मालिकेला वेगळे संबोधन हवे म्हणून तेच नाव सर्वांना चिकटले. भूत आणि छाया अशी ही नावांची जोडी. आपल्याकडे नव्या गाडीला हार घालून नारळ वाढवणारा माणूस तिला ‘भूत’ म्हणू धजणार नाही; पण इंग्रजांना त्या शब्दात निःशब्द वावर दिसला. पुढे निरनिराळ्या पिढ्यांतून फिरत ‘फँटम’ हे नाव २००३ च्या गाडीला पुन्हा देण्यात आले. येथे ‘फँटम’ म्हणून उल्लेख आहे तो या गाडीचाच.

वेगाच्या कसोटीवर १९०७ आणि २००३ च्या गाड्यांची तुलना करणे हास्यास्पदच. तरीही काही आकडे शेजारी शेजारी मांडले की चकित व्हायला होते. ‘घोस्ट’चे इंजिन ७,०३६ घनसेंटिमीटरचे, ‘फँटम’चे ६,७४९. म्हणजे नवे इंजिन आकारमानाने थोडे लहानच. ‘घोस्ट’ची लांब चासी घेतली तर पुढील व मागील आसांमधील अंतर १४३.५ इंच, म्हणजे ३,६४५ मिलिमीटर. ‘फँटम’मध्ये ते ३,५७० मिलिमीटर. दोन्ही गाड्या एकाच मापाच्या साच्यातून निघाल्यासारख्या. मात्र जुन्या इंजिनाची ताकद ४८ अश्वशक्ती आणि नव्याची ४५३. तेवढ्याच पोटातून साडेनऊपट शक्ती.

ही वाढ आली कोठून? ‘घोस्ट’च्या सिलिंडरात शिरलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण ठिणगी पडण्याआधी ३.२ पट दाबले जाई. त्या काळचे पेट्रोल इतके कच्चे होते, की याहून फार अधिक दाब दिला तर ते अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागे. ‘फँटम’मध्ये हा दाब ११ पट असतो आणि पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरात सोडला जातो. शिवाय जुने इंजिन मिनिटाला सुमारे १,२०० फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद देऊन मोकळे होई; नवे ५,३५० फेऱ्यांपर्यंत चढते. रॉईस यांना अधिक फेऱ्यांचे इंजिन जमले नसते असे नाही. पण त्यांना ते नकोच होते. मोठे इंजिन अगदी संथ चालवावे म्हणजे त्याला धाप लागत नाही, हा त्यांचा हिशेब. गंमत अशी, की ‘फँटम’च्या अभियंत्यांनीही हाच हिशेब जपला. या गाडीच्या चालकासमोर इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी तबकडी नाही. त्या जागी ‘शिल्लक शक्ती’ दाखवणारा काटा आहे. शहरात चालताना तो बहुधा नव्वदीच्या पलीकडेच रेंगाळतो. म्हणजे इंजिन आपल्या बळाचा दहावा हिस्साही खर्च करत नसते. पूर्वी कंपनी अश्वशक्तीचा आकडा जाहीर करत नसे, विचारले तर ‘पुरेशी’ असे उत्तर मिळे. तोच तोरा काट्याच्या रूपाने टिकून आहे.

इंधनाच्या बाबतीत मात्र पणजीने पणतीला मागे टाकले आहे. १९११ मध्ये एका ‘घोस्ट’ने लंडन ते एडिंबरो आणि परत हा सारा प्रवास केवळ वरच्या गिअरमध्ये केला आणि गॅलनला २४.३२ मैल अंतर कापले. आजच्या भाषेत लिटरला साडेआठ किलोमीटरहून थोडे अधिक. ‘फँटम’चा अधिकृत आकडा शंभर किलोमीटरला १५.९ लिटर, म्हणजे लिटरला सव्वासहाच्या आसपास. अर्थात ती ‘घोस्ट’ ताशी वीस मैलांच्या सरासरीने चालत होती आणि अडीच टन वजन, वातानुकूलन व मोटारींवर चालणारी आसने तिला ओढायची नव्हती. त्यामुळे या विजयाचा फार गवगवा करण्यात अर्थ नाही. तीच गाडी ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ताशी ७८.२६ मैल वेगाने धावली, हेही लक्षात ठेवावे.

आवाज जन्मूच न देणे

आता मूळ मुद्दा, शांततेचा. इंजिनाचा आवाज कमी करण्याचे दोन मार्ग संभवतात. एक, आवाज निर्माणच होऊ न देणे. दुसरा, निर्माण झालेला आवाज माणसाच्या कानापर्यंत पोहोचू न देणे. ‘घोस्ट’पुढे पहिलाच मार्ग मोकळा होता. उघड्या गाडीत बसलेल्या माणसाच्या आणि इंजिनाच्या मध्ये लाकडाची एक फळी आणि पत्र्याचे झाकण याखेरीज काही नसे.

त्या काळी सहा सिलिंडरची इंजिने बदनाम होती. लांब क्रँकशाफ्टला पीळ पडून विशिष्ट गतीला तो थरथरू लागे आणि कधीकधी मोडे. रॉईस यांच्या स्वतःच्या आधीच्या ३० अश्वशक्तीच्या गाडीतही ही तक्रार होती. ‘४०/५०’ साठी त्यांनी तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे आरशातील प्रतिबिंबासारखे समोरासमोर मांडले, क्रँकशाफ्ट भरपूर जाड केला आणि त्याला सात ठिकाणी बेअरिंगचा आधार दिला. आतून पोकळ ठेवलेल्या या शाफ्टमधून दाबाने तेल खेळवले. यात जगाला अपरिचित असे एकही तत्त्व नव्हते. रॉईस हे मूलतः संशोधक नव्हतेच. दुसऱ्याने केलेली वस्तू हाती घ्यायची आणि तिच्यातील प्रत्येक ढिलाई काढून टाकायची, हा त्यांचा स्वभाव. चालू इंजिनाच्या रेडिएटरवर नाणे उभे ठेवले तरी पडत नसे, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी मानली नाही तरी ज्या गाडीविषयी अशी आख्यायिका पसरू शकते, तिचा लौकिक कळून येतो.

‘फँटम’मध्ये सहा-सहा सिलिंडरच्या दोन ओळी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात जोडलेल्या आहेत. सरळ ओळीतील सहा सिलिंडरचे इंजिन स्वभावतःच समतोल असते. एक दट्ट्या वर जातो तेव्हा दुसरा खाली येऊन त्याचा धक्का फेडतो. बारा सिलिंडर म्हणजे अशा दोन समतोल इंजिनांचे सहजीवन. त्या अर्थाने नवे इंजिन ‘घोस्ट’चेच वंशज म्हणता येईल. मात्र येथून पुढे वाट फुटते. ‘फँटम’चा सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, त्याखाली पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या, दारांना जाड काचा आणि जेथे जेथे पोकळी तेथे तेथे आवाज शोषणारे साहित्य. २०१७ मध्ये आलेल्या पुढील पिढीच्या ‘फँटम’बद्दल तर कंपनीने सांगितले, की तिच्यात १३० किलोंहून अधिक वजनाचे ध्वनिरोधक साहित्य आहे. म्हणजे दोन धष्टपुष्ट माणसांच्या वजनाइतकी शांतता गाडी सतत वाहून नेते.

याला लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल. शंभराच्या वेगाने जाताना इंजिनापेक्षा टायर आणि वारा यांचाच आवाज मोठा असतो, आणि त्यावर भिंत बांधण्याखेरीज उपाय नाही. पण फरक उरतोच. ‘घोस्ट’मधील शांतता म्हणजे यंत्राची प्रकृती ठणठणीत असल्याची खूण होती. बेअरिंग झिजले, झडपेत फट वाढली, की चालकाला ते प्रथम कानाने कळे. ‘फँटम’मध्ये यंत्राचा कानाशी असलेला संबंधच तोडला आहे. तेथे बिघाड कळतो तो पडद्यावर उमटणाऱ्या सूचनेवरून, आणि सूचना देणारे संवेदक स्वतः शाबूत असतील तरच.

सुकाणूमागचा माणूस

या दोन गाड्यांतील खरे अंतर चालकाच्या आसनावर बसल्याखेरीज कळत नाही. ‘घोस्ट’ चालू करणे हा एक विधीच होता. हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत दाब निर्माण करायचा, सुकाणूजवळच्या खिट्ट्यांनी ठिणगीची वेळ मागे घ्यायची, मिश्रण जुळवायचे आणि मग पुढे जाऊन हँडल मारायचे. विजेवर चालणारा स्टार्टर या गाडीला १९१९ मध्ये मिळाला. इंजिन गरम असेल तर मात्र एक जादू घडे. नुकतेच बंद केलेले इंजिन हँडलला हात न लावता, केवळ कळ दाबून आणि ठिणगीची खिट्टी सरकवून पुन्हा सुरू होई. सिलिंडरात अडकून राहिलेले मिश्रण तेवढ्या ठिणगीने पेटे. झडपा आणि दट्ट्यांची कडी इतकी घट्ट बसलेली असत, की मिश्रण निसटून जात नसे. उत्तम जुळणीचा याहून मोठा पुरावा शोधूनही सापडणार नाही.

इंजिनाची गती ठरावीक ठेवणारा गव्हर्नरही या गाडीला होता. चढ आला तर तो आपोआप अधिक मिश्रण सोडे. एक वेग ठरवून पाय मोकळा ठेवण्याची जी सोय आजच्या महागड्या गाड्यांच्या जाहिरातीत झळकते, तिचे हे दूरचे पूर्वज.

ब्रेकची कथा मात्र अंगावर काटा आणणारी आहे. पुढच्या चाकांना ब्रेक नव्हतेच; ते १९२३ च्या अखेरीस आले. तोवर पायाचा ब्रेक आरंभी गिअरपेटीमागच्या फिरत्या दंडावर आणि हाताचा मागच्या चाकांवर. १९०८ च्या त्या चाचणीत घाट चढण्याचे कौतुक झाले असेल, पण जाणकाराचे मन उतारांच्या विचाराने धास्तावते. म्हणूनच या गाडीचा शोफर हा निम्मा मेकॅनिक असावा लागे. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी तेल-वंगण घालणे, मॅग्नेटोची निगा, टायरची उस्तवार ही त्याची नित्यकर्मे. कंपनीनेही अशा चालकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवले. मालक मागे बसून शांततेचा आस्वाद घेई तेव्हा ती शांतता पुढे बसलेला माणूस आपल्या हातांनी रोज नव्याने घडवत असे.

‘फँटम’च्या चालकाला यातले काहीच करावे लागत नाही. अडीच टनांचे हे धूड सहा सेकंदांच्या आत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठते, थांबवायचे म्हटले की सरळ रेषेत थांबते आणि घसरू लागले तर संगणक एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून त्याला सावरतो. मागची दारे जुन्या बग्गीप्रमाणे उलट बाजूने उघडतात आणि आत बसून एक कळ दाबली की आपोआप मिटतात. त्या दारांच्या कडेत छत्र्या दडवलेल्या आहेत. चाकांच्या मध्यभागी असलेली ‘आर-आर’ ही अक्षरे चाक कितीही फिरले तरी उभीच राहतात. चार्ल्स साइक्स यांनी १९११ मध्ये घडवलेली नाकावरची पंखधारी मूर्ती गाडीला कुलूप लागताच झाकणाखाली लुप्त होते. यातील काही सोयी उपयुक्त आहेत, काही निव्वळ खेळणी. पण प्रत्येक इतक्या नेटकेपणाने केलेली आहे, की हसू आले तरी दाद द्यावी लागते.

दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स

‘घोस्ट’चा लौकिक ज्या एका प्रसंगावर उभा राहिला, तो १९०७ सालचा. क्लॉड जॉन्सन यांनी रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली एएक्स २०१ लंडन आणि ग्लासगो यांदरम्यान ये-जा करायला सोडली. १५,००० मैल पुरे करायचे आणि वाटेत आपखुशीने सोडून एकदाही थांबायचे नाही, असा बेत. ६२९ मैलांवर गाडी थांबली. कारण क्षुल्लक होते : खराब रस्त्याच्या हादऱ्याने पेट्रोलची चावी आपोआप बंद झाली होती. ती उघडून गाडी निघाली, आणि मग टायर बदलण्यासारख्या गोष्टी वगळता सलग १४,३७१ मैल न थांबता चालली. मोटारीने पाचपन्नास मैल विनातक्रार पार केले तरी मालकाने मित्रांना जेवण द्यावे, असा तो काळ.

खरा धाडसाचा भाग त्यानंतरचा. गाडी पूर्ण सुटी करून निरीक्षकांपुढे ठेवण्यात आली. झिजलेले भाग बदलून ती पुन्हा नव्यासारखी करायला किती खर्च येईल, याचा हिशेब त्यांनी मांडला. तो निघाला दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. ज्या गाडीची नुसती चासीच ९८५ पौंडांना मिळे, तिचा हा दुरुस्तीखर्च. आजच्या कोणत्याही मोटार कंपनीने आपली गाडी अशी परक्यांच्या हाती उलगडून दाखवल्याचे ऐकिवात नाही.

‘चासीच मिळे’ हा शब्दप्रयोगही नीट समजून घ्यायला हवा. रोल्स-रॉईस तेव्हा पूर्ण मोटार विकतच नसे. इंजिन, चाके आणि सांगाडा कंपनीचा. वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. हैदराबादच्या निजामांच्या गाडीत सिंहासनासारखे आसन बसवले गेले, कुणी शिकारीची गाडी करून घेतली, कुणी झाकलेल्या खिडक्यांची पडदानशीन गाडी. गाडी जुनी झाली की तीच चासी नव्या बॉडीखाली जाई. पहिल्या महायुद्धात याच चासींवर चिलखती पत्रे चढवून त्या वाळवंटात पाठवण्यात आल्या आणि तेथेही त्यांनी निभाव लावला. (रागावलेल्या महाराजांनी रोल्स-रॉईस गाड्या कचरा वाहायला लावल्याची कथा मात्र जपून ऐकावी. ती किमान तीन-चार संस्थानिकांच्या नावावर सांगितली जाते, त्यावरूनच तिचा भरवसा किती धरावा हे समजते.)

‘फँटम’मध्ये ग्राहकाची हौस भागवण्याची सोय आहे, ती चामड्याचा रंग, लाकडाची जात, धाग्याची शिवण यांपुरती. सांगाडा आणि बॉडी एकजीव असल्यामुळे वरचे शिल्प बदलण्याचा प्रश्नच येत नाही. आणि ती बनवणारी कंपनीही, काटेकोरपणे पाहिले तर, रॉईस यांची नव्हे. १९९८ मध्ये मूळ मोटार कंपनी विक्रीला निघाली तेव्हा फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून क्रू येथील कारखाना, बेंटले हे नाव, अगदी ती पंखधारी मूर्तीसुद्धा मिळवली. पण ‘रोल्स-रॉईस’ या नावाचा हक्क विमानांची इंजिने बनवणाऱ्या स्वतंत्र कंपनीकडे होता. तिने तो ४ कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूला दिला. घर एकाचे, आडनाव दुसऱ्याकडे, असा पेच झाला. अखेर तडजोड होऊन बीएमडब्ल्यूने इंग्लंडमध्ये गुडवुड येथे नवा कारखाना उभारला आणि १ जानेवारी २००३ रोजी, मध्यरात्र उलटताच, पहिली ‘फँटम’ ग्राहकाच्या हाती सोपवली. अमेरिकेत तिची किंमत ३ लाख २० हजार डॉलरच्या घरात होती. तिचा सांगाडा जर्मनीत तयार होई, इंजिनही जर्मन. लाकूडकाम, चामड्याचे काम आणि जुळणी गुडवुडची. रूपकार इयन कॅमेरॉन यांच्या चमूने जुन्या गाड्यांची प्रमाणे इतकी अचूक पकडली, की रक्ताचे नाते तुटूनही चेहरेपट्टी जुळली.

कोणती गाडी दुरुस्त होईल?

वाहन म्हणून ‘फँटम’ सर्व बाबतींत सरस आहे, यात वाद नाही. सुरक्षितता, आराम, वेग, पावसापाण्यातील निर्धास्तपणा, कोणतेही माप लावा. पण आलिशान वस्तूकडून माणूस आणखी एक अपेक्षा ठेवतो. ती आपल्यामागे उरावी, पुढच्या पिढीच्या हाती चालू स्थितीत जावी. या एका मापावर निकाल उलटण्याची शक्यता आहे.

एएक्स २०१ चे उदाहरण घ्यावे. १९०८ मध्ये ती एका खासगी ग्राहकाला विकली गेली, १९४८ मध्ये कंपनीकडे परतली आणि पुढेही धावतच राहिली. तिने पाच लाखांहून अधिक मैल कापले आहेत. ‘घोस्ट’ मालिकेतील जवळजवळ प्रत्येक सुटा भाग धातू, लाकूड किंवा चामडे यांचा आहे. तो डोळ्यांना दिसतो, मापता येतो, ओतता येतो, लेथवर कातता येतो. बेअरिंगचा पांढरा धातू पुन्हा भरता येतो, मॅग्नेटोची गुंडाळी नव्याने करता येते. हे ज्ञान कुणाच्या मालकीचे नाही. आपल्याकडे विंटेज गाड्या जिवंत राहिल्या त्या अशाच फिटर-टर्नर मंडळींच्या भरवशावर. त्यांतल्या अनेकांनी कंपनीचे माहितीपुस्तक कधी पाहिलेही नसेल. जुन्या पद्धतीचे, कडा असलेले टायरसुद्धा खास उत्पादक आजही बनवून देतात.

याउलट ‘फँटम’च्या टायरची हकीकत पाहा. पंक्चर झाले तरी गाडी चालत राहावी म्हणून तिला मिशेलिनचे ‘पॅक्स’ जातीचे टायर दिले होते. त्यांची रिम इंचांत नव्हे, मिलिमीटरमध्ये, ५४० ची. तिच्यावर दुसरा कोणताही टायर बसत नाही. कल्पना उत्तम होती. पण ही पद्धत बाजारात रुजली नाही, मिशेलिनने तिचा पुढील विकास थांबवला, आणि पंचवीस वर्षेही उलटली नसताना अनेक मालकांना चारही चाके काढून साधी चाके बसवून घ्यावी लागली आहेत. ही तर नुसती चाके. गाडीच्या पोटात डझनावारी नियंत्रक पेट्या आहेत, त्या प्रकाशतंतूंच्या व तारांच्या जाळ्यातून एकमेकींशी बोलतात, आणि बदललेली पेटी कारखान्याच्या संगणकाने ओळख पटवून दिल्याखेरीज बाकीच्या पेट्या तिला आपल्यात घेत नाहीत. हवेच्या पिशव्यांचे रबर वयोमानाने चिरते, ते बदलता येईल. पण सीलबंद पेटीतील जळालेली चिप आणि तिच्यातील आज्ञावली कोणत्या लेथवर कातायची?

याला दुसरी बाजूही आहे. ‘घोस्ट’ टिकली ती केवळ चांगल्या धातूमुळे नव्हे. ती इतकी मौल्यवान ठरली, की तिच्यासाठी कितीही खर्च करणारे लोक मिळत गेले. उद्या ‘फँटम’लाही तसे भक्त लाभले तर मूळ पेट्यांच्या जागी नव्या पेट्या रचणारे तंत्रज्ञ निपजतील. सत्तरच्या दशकातील गाड्यांच्या आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक भागांची दुरुस्ती करणारे आज आहेतच. मात्र ते काम लोहारशाळेच्या शेजारी होणार नाही.

भारतात याला कायद्याचीही एक चौकट आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणण्याची मुभा आहे. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी अट आहे. पहिली ‘फँटम’ या वयाला २०५३ मध्ये पोहोचेल. मुंबई-पुण्यातल्या त्यानंतर एक-दोन वर्षांनी. तोपर्यंत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’च्या पिढीतल्या गाड्यांनी वयाची दीडशे वर्षे गाठत आणलेली असतील, आणि त्यांना सुरू करायला तेव्हाही एक हँडल, थोडे पेट्रोल आणि ठिणगीची वेळ ओळखणारा एक हात पुरेल.